पोट भरते, पोषण होते का?

"डॉक्टर, हा काही खातच नाही हो. नुसता दुधावर आहे."

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात रोज कितीतरी वेळा ऐकू येणारे हे वाक्य. बोलणारी कधी आई असते, कधी आजी. मांडीवर दीड-पावणेदोन वर्षांचे मूल असते आणि हातातल्या पिशवीत, रडू नये म्हणून आणलेला बिस्किटांचा पुडा. मूल तसे बाळसेदार दिसते. पण खालची पापणी किंचित ओढून पाहिली तर आतला भाग लालसर असायला हवा, तो फिकट असतो. चौकशी केली की कळते, मूल लवकर दमते, किरकिर करते, वारंवार आजारी पडते आणि हल्ली भिंतीचे पोपडे खाताना दोनदा सापडले आहे.

रक्त तपासले की हिमोग्लोबिन कमी निघते. घरच्यांना धक्का बसतो. "अहो, आमच्याकडे खायला काही कमी नाही. दूध, तूप, सगळं आहे." ते खरेच असते. घरात कमी काहीच नसते, कमतरता असते ती मुलाच्या ताटात. आपले लक्ष मात्र ताटाऐवजी पोटाकडे असते. पोट भरले की आपण निर्धास्त होतो.

एका दिवसाचा हिशेब

शहरात किंवा तालुक्याच्या गावात, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या घरातल्या अशा मुलाचा एक दिवस कागदावर मांडून पाहू. सकाळी उठल्यावर पेलाभर दूध, दीड-दोन चमचे साखर घालून, सोबत चार ग्लुकोज बिस्किटे. दुपारी अर्धी वाटी मऊ भात, त्यावर पातळ वरण आणि चमचाभर तूप. झोपून उठल्यावर पुन्हा पेलाभर दूध. संध्याकाळी दादाबरोबर वेफर्सचे पाच रुपयांचे पाकीट. रात्री अर्धी पोळी दुधात कुस्करून, आणि झोपताना बाटलीतून आणखी दूध. म्हणजे दिवसभरात सुमारे सहाशे मिलिलिटर दूध.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी पोषकद्रव्यांच्या शिफारशी नव्याने मांडल्या. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी त्यात रोज सुमारे १०१० किलोकॅलरी ऊर्जा, साडेबारा ग्रॅम प्रथिने, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे.

आता वरच्या दिवसाची बेरीज करू. अन्नपदार्थांच्या तक्त्यांवरून ढोबळ हिशेब मांडला तर ऊर्जा साडेआठशे ते नऊशे किलोकॅलरी भरते. गरजेपेक्षा थोडी कमी, पण काळजी वाटावी इतकी नाही. प्रथिने पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शिफारशीच्या दुप्पट. त्यातली बहुतेक दुधातून आलेली. कॅल्शियम सातशे मिलिग्रॅमच्या घरात, तेही गरजेहून जास्त. इथवर सगळे छान आहे. मग येते लोह. ते जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम भरते. गरज आठची. शिवाय दिवसभरात एकही फळ नाही, एकही भाजी नाही. क जीवनसत्त्व जवळपास शून्य आणि चोथाही नाही. पोट साफ होत नाही ही त्या आईची दुसरी तक्रार असते, तिचे उत्तरही याच यादीत आहे.

म्हणजे हे मूल उपाशी नाही. ऊर्जा आहे, प्रथिने आहेत, कॅल्शियम आहे. तरीही शरीराला जे घटक अगदी थोड्या मात्रेत पण रोज लागतात ते मिळत नाहीत. अशी उणीव डोळ्यांना चटकन दिसत नाही, म्हणून तिला 'छुपी भूक' म्हणतात.

आकडे काय सांगतात?

हे चित्र एखाद-दुसऱ्या घराचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले होती फक्त ११.३ टक्के. 'पुरेसा' या शब्दाची व्याख्याही काही फार कडक नाही. अंगावर पिणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी किमान चार अन्नगटांतले पदार्थ मिळाले का आणि वयाप्रमाणे ठरलेल्या किमान वेळा खायला मिळाले का, एवढेच त्यात पाहिले जाते. मूल अंगावर पीत नसेल तर दुधाच्या वेळाही मोजतात. एवढ्या साध्या चाळणीतून दर नऊ मुलांमागे एकच मूल पार झाले.

याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयाची आढळली. आधीच्या फेरीत राज्यातले रक्तक्षयाचे प्रमाण ५३.८ टक्के होते. बोटाच्या टोकाला टोचून घेतलेल्या थेंबावरची तपासणी आणि शिरेतून घेतलेल्या रक्तावरची तपासणी यांच्या निष्कर्षांत फरक पडतो, हे खरे. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात रक्त शिरेतून घेतले होते. त्यात देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमधले रक्तक्षयाचे प्रमाण ४१ टक्के आले. तोच आकडा धरला, तरी पाचातली दोन मुले होतात.

सर्वांत सधन गटातल्या घरांतही बहुसंख्य मुलांचा आहार या व्याख्येत बसत नाही. गरिबी हे मोठे कारण आहेच, त्याकडे पुढे येऊ. पण ज्यांना परवडते त्यांच्याकडेही मुलाच्या ताटात तेच तेच पडते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ आता आठ अन्नगट मोजतात: आईचे दूध, धान्ये व कंद, डाळी, कडधान्ये, दाणे व बिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्व देणारी पिवळी-केशरी फळे, भाज्या आणि हिरव्या पालेभाज्या, आणि इतर फळे-भाज्या. यांतले किमान पाच गट दिवसभरात मिळाले तर आहारात पुरेशी विविधता आहे असे मानतात. आपल्या उदाहरणातल्या मुलाचे अंगावरचे दूध सुटले असेल, तर त्याच्या वाट्याला आले फक्त तीन गट. बिस्किटे, भात, पोळी आणि बटाट्याचे वेफर्स ही चार नावे दिसली, तरी मोजताना तो एकच गट असतो.

दुधाचे दुष्टचक्र

दूध उत्तम अन्न आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण दुधात लोह जवळजवळ नसते. लिटरभर गाईच्या दुधात अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातही दुधातले कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातले लोह शोषले जाण्यात अडथळा आणतात. सर्वांत मोठी अडचण जागेची आहे. लहानशा पोटात सहाशे-सातशे मिलिलिटर दूध गेले की भाकरी-भाजीला जागाच उरत नाही.

पूर्ण दिवस भरून जन्मलेले बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातले लोह चांगले शोषले जाते, पण मुळात ते थोडे असते. म्हणून उष्टावण सहा महिन्यांच्या सुमारास करण्याची आपली पद्धत शरीरशास्त्राला धरून आहे. चूक होते ती उष्टावणानंतर. चांदीच्या वाटीतली खीर चाटवून फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दूध आणि वरणाचे पाणी सुरू होते. लोहाचा साठा संपत आलेला असतो, नवी भर पडत नाही आणि वाढ तर जोरात चालू असते.

लोह कमी झाले की मुलाची भूकही मंदावते. माती, खडू, पोपडे खावेसे वाटणे हे अनेकदा याच कमतरतेचे लक्षण असते. भूक मंदावली की घास नाकारले जातात. घास नाकारले की आई घाबरून म्हणते, "निदान दूध तरी पिऊ दे." दूध वाढते, लोह आणखी घटते, भूक आणखी मरते. "हा खातच नाही, म्हणून दुधावर आहे" असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा मूल दुधावर आहे म्हणून खात नाही.

ही साखळी तोडायची तर एक वर्षानंतर वरचे दूध दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटरच्या आत ठेवावे, पेल्याने द्यावे आणि जेवणाच्या आधी देऊ नये. झोपताना तोंडात राहणारी बाटली दातही किडवते आणि जुलाबांनाही आमंत्रण देते. आईचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही सुरू ठेवायला हरकत नाही. दुधात साखर घालून, वर 'शक्ती'ची पूड मिसळणे हा उपाय नव्हे. अशा पेयांच्या विक्रीबाबत एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ई-कॉमर्स कंपन्यांना सूचना दिली होती, की ती 'हेल्थ ड्रिंक' या वर्गात दाखवू नयेत. डब्यावरचे वजनवाढीचे वचन वाचण्याआधी मागच्या बाजूला साखर किती आहे ते वाचावे. दोन वर्षांच्या आतील मुलांच्या अन्नात वरून साखर घालूच नये, असा पोषण संस्थेचा सल्ला आहे.

चहाबद्दल एक शब्द. अनेक घरांत सकाळी दीड-दोन वर्षांच्या मुलाला चहात बुडवून बटर, खारी किंवा शिळी पोळी दिली जाते. चहातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते. जे थोडेफार लोह पोळीतून मिळणार होते, तेही हातचे जाते.

लहान पोट आणि पातळ पेज

आता दुसऱ्या घरात डोकावू. आई-वडील दोघेही मजुरीला जातात. मूल आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे. सकाळी पातळ पेज, दुपारी वरणाचे पाणी कालवलेला भात, मग थेट रात्री, आई आली की. इथे प्रश्न लोहाचा तर आहेच, पण ऊर्जेचाही आहे.

मुलाच्या जठराची क्षमता त्याच्या दर किलो वजनामागे साधारण तीस मिलिलिटर असते. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावते सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे मोठी वाटीभर. त्या वाटीत पेज असेल तर त्यातला बराचसा भाग पाणी. बाळ ढेकर देते, मान फिरवते, आपल्याला वाटते जेवले. तासाभरात ते पुन्हा रडू लागते.

वरणाचे पाणी तर आपल्याकडे पौष्टिकतेचे दुसरे नावच झाले आहे. डाळ शिजवून वरचे पिवळे पाणी बाळाला आणि तळाची डाळ मोठ्यांच्या आमटीला, अशी वाटणी घरोघर चालते. पिवळा रंग आणि वास पाण्यात उतरतो, प्रथिने आणि लोह मात्र तळाच्या डाळीत राहते. नेमके उलटे करायला हवे. बाळाला घोटलेली घट्ट डाळ द्यावी आणि पाणी आमटीत घालावे. चमचा तिरका केला तर पटकन ओघळणार नाही, इतपत घट्ट अन्न असावे. त्यात चमचाभर तूप किंवा तेल घातले की वाटीचा आकार न वाढता सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात. एवढ्या लहान पोटासाठी ही भर मोठी असते.

अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० किलोकॅलरी मिळायला हव्यात. त्यासाठी सहा-आठ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी, तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, तितक्याच वेळा. इथे वाटी म्हणजे २५० मिलिलिटरची. मुलासाठी वेगळी वाटी ठेवावी. मोठ्यांच्या ताटातले दोन घास भरवले की मूल नेमके किती जेवले ते कोणालाच कळत नाही.

मोड आलेल्या नाचणीची करामत

घट्ट पेज बाळाला गिळवत नाही आणि पातळ पेजेतून पोषण होत नाही. या पेचावर आपल्या स्वयंपाकघरात जुना तोडगा आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेले पीठ. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते, त्यामुळे तेवढ्याच पिठाची पेज पातळ आणि गिळायला सोपी होते. म्हणजे पाणी न वाढवता पेज सैल करता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात डॉ. तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर काम केले. साध्या पिठाच्या घट्ट गरम पेजेत मोडाच्या पिठाची अगदी थोडी मात्रा मिसळली तरी ती सैल होते, हे त्यांनी दाखवले.

घरी करायचे तर नाचणी रात्रभर भिजवावी, कापडात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्यावेत, सावलीत कडकडीत वाळवून, हलकी परतून दळावी. घट्ट शिजलेल्या गरम पेजेत यातले चमचाभर पीठ मिसळावे, पेज सैल झाली की पुन्हा एक उकळी आणावी. मोड आल्याने धान्यातले फायटेटही कमी होते आणि लोह-जस्त थोडे अधिक शोषले जाते. पीठ मात्र वस्त्रगाळ करण्याच्या नादात फार चाळू नये. नाचणीतले बरेचसे कॅल्शियम तिच्या टरफलात असते, चाळणीत राहणारा कोंडा ते घेऊन जातो. सहा महिन्यांच्या बाळासाठी सुरुवातीला चाळलेले चालेल, पण आठव्या-नवव्या महिन्यापासून चाळणी बाजूला ठेवावी.

तोच दिवस, दुसरे ताट

आता पहिल्या घरातला तोच दिवस पुन्हा मांडू. दूध चारशे मिलिलिटरवर आणू. सकाळी त्यातल्याच पेलाभर दुधात शिजवलेली नाचणीची लापशी, त्यात चमचाभर शेंगदाण्याचे कूट आणि चिमूटभर गूळ. मधल्या वेळी एक उकडलेले अंडे. दुपारी गुरगुट्या भातावर पालक घालून घोटलेले घट्ट वरण, तूप आणि लिंबाचे चार थेंब. उठल्यावर पेलाभर दूध. संध्याकाळी कुस्करलेली मटकीची उसळ आणि मऊ पेरूची किंवा पपईची फोड. रात्री अर्धी बाजरीची भाकरी आमटीत कुस्करून.

या दिवसाची ऊर्जा जवळपास पहिल्या दिवसाइतकीच, पावणेनऊशेच्या आसपास भरते. लोह मात्र सहा मिलिग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे पहिल्या दिवसाच्या जवळपास तिप्पट. तीन अन्नगटांऐवजी पाच-सहा गट झाले. यात विकत आणलेला कोणताही खास पदार्थ नाही. बिस्किटे आणि वेफर्सच्या पाकिटांचे पैसे वाचले, त्यांत अंड्याचा बराचसा खर्च निघावा.

लिंबू आणि पेरू चवीपुरते नाहीत. धान्य-डाळींतले लोह मुळात थोडेच शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते प्रमाण वाढते. पेरू आणि आवळा यांत ते संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. लोखंडी कढईत किंवा तव्यावर केलेल्या भाजीतही लोहाची थोडी भर पडते.

जी घरे मांसाहार करतात तिथेही लहान मुलाच्या वाट्याला बहुधा नुसता रस्सा येतो. लोह तुकड्यात असते, रश्श्यात नाही. काटे नीट काढलेला मासा, बारीक केलेले चिकन किंवा कलेजी मुलाला देता येते. कोकणात सुकट स्वच्छ धुऊन, भाजून, कुटून भातात मिसळता येईल. नीट शिजवलेले अंडे सहा महिन्यांनंतर देता येते. वर्ष होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. शुद्ध शाकाहारी घरांनी ब-१२ जीवनसत्त्वाकडे लक्ष ठेवावे. ते वनस्पतींत नसते, आणि आईतच कमी असेल तर तिच्या दुधातूनही बाळाला कमी मिळते. अशा आईने गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर डॉक्टरांकडे हा विषय स्वतःहून काढावा.

दोन गोष्टी टाळाव्यात. वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, ती श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचे कूट करून द्यावे, द्राक्ष उभे चिरून द्यावे.

'खात नाही' म्हणजे काय?

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या तिप्पट होते. तीन किलोचे बाळ नऊ किलोपर्यंत जाते. दुसऱ्या वर्षात वजन वाढते फक्त दोन-अडीच किलो. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. हे निसर्गाचेच गणित आहे. पण घरच्यांना वाटते, काल वाटीभर खाणारे मूल आज तोंड फिरवते. मग मोबाइल समोर धरून, नाक दाबून, पाठीमागे धावून घास कोंबणे सुरू होते. मोबाइलकडे पाहत गिळणाऱ्या मुलाला आपले पोट भरले की नाही हे कळणे बंद होते.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली कामाची वाटणी इथे उपयोगी पडते. काय वाढायचे, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे, हे मुलाने. दोन जेवणांच्या मध्ये अडीच-तीन तास बिस्कीट-दूध न देता जाऊ दिले तर भूक आपोआप लागते. नवी भाजी पहिल्याच वेळी थुंकली म्हणजे ती आवडत नाही असे नव्हे. एखादी चव ओळखीची व्हायला मुलाला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. आपण बहुतेक जण तिसऱ्या वेळीच हार मानतो आणि "त्याला भाज्या आवडत नाहीत" असे त्याच्यादेखत सगळ्यांना सांगू लागतो.

खरेच कमी खाते का, याचे उत्तर वाटीत शोधण्यापेक्षा वाढीच्या तक्त्यावर शोधावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिलेले तक्ते भारतासह सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापावरून तयार झाले. आईचे दूध, पुरेसे अन्न आणि निरोगी परिसर मिळाला, की ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत इथली लहान मुले जवळपास सारखीच वाढतात, हे त्या अभ्यासात दिसले. म्हणून "आमच्या घराण्यात सगळे बारीकच" हे उत्तर पुरेसे नाही. दोन वर्षांच्या मुलाचे मधले वजन १२.२ किलो आणि मुलीचे ११.५ किलो असते. मात्र एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेघेची दिशा महत्त्वाची. माता-बाल संरक्षण कार्डावर दर महिन्याला ठिपका पडावा. रेघ वर जात असेल तर मूल कमी खाते ही तक्रार सोडून द्यावी. ती सलग दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तर मात्र वाट पाहू नये.

फक्त आईचे काम नाही

एवढे वाचून सगळा भार पुन्हा आईवरच पडला, असे वाटू शकते. तसे होता कामा नये. दिवसातून चार-पाच वेळा मऊ, ताजे आणि वेगवेगळे खाऊ घालायला वेळ लागतो, आणि पहाटे शेतावर किंवा साइटवर जाणाऱ्या बाईकडे नेमका तोच नसतो. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली ती याच जाणिवेतून. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी अंगणवाडीतून घरी नेण्याच्या आहारात रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असावीत, असा निकष होता. त्यासाठी २०१७ मध्ये ठरवलेली रक्कम होती प्रति बालक प्रति दिन आठ रुपये. आज एका अंड्यालाच त्यातले बहुतेक पैसे लागतात. शिवाय घरी गेलेले पाकीट सगळ्या भावंडांत वाटले जाते, हे प्रत्येक सेविकेला ठाऊक असते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, कारण मुलाने अंडे तिथेच खाल्ले की ते त्याच्याच पोटात जाते.

दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न तर दरवर्षी उभा राहतो. सहा महिने ते दोन वर्षे या वयातले मूल पाच-सहा महिने कोपीवर काढते. गावच्या अंगणवाडीत त्याचे नाव असते आणि मूल असते शंभर-दोनशे किलोमीटरवर, उसाच्या फडात. जिथे गेलो तिथल्या अंगणवाडीत नाव सांगून आहार मागता येतो, हे अनेक पालकांना कोणी सांगितलेलेच नसते. कारखान्याच्या परिसरातल्या सेविकेला आणि मुकादमाला ते माहीत असले पाहिजे.

सरकारी केंद्रांत आणखी तीन गोष्टी मोफत मिळतात, त्या चुकवू नयेत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे सिरप, नवव्या महिन्यापासून अ जीवनसत्त्वाचे डोस आणि वर्षानंतर ठरावीक काळाने जंताचे औषध. सिरपने शी काळसर होते, त्याला घाबरून औषध बंद करू नये. मात्र रक्तक्षय ठरलाच असेल तर उपचाराची मात्रा वेगळी असते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. नुसत्या आहाराने रिकामा साठा लवकर भरून निघत नाही.

मुलाच्या मेंदूची बरीचशी वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. त्या काळात लोह कमी पडले, तर त्याचा परिणाम शिकण्यावर, लक्ष देण्यावर होऊ शकतो आणि पुढे लोह दिले तरी तो पूर्ण भरून येईलच असे नाही. दहावीच्या वर्षी बदाम भिजत घालणाऱ्या आपल्या समाजाने हे लक्षात ठेवायला हवे. बुद्धीच्या खुराकाची खरी वेळ त्याच्या कितीतरी आधी येऊन जाते.

तेव्हा आज रात्री एक छोटे काम करावे. सकाळपासून मुलाने काय काय खाल्ले ते कागदावर लिहावे आणि वर सांगितलेल्या आठ गटांपुढे खुणा कराव्यात. पाच खुणा झाल्या तर उत्तमच. तीनच झाल्या, तर घाबरायचे कारण नाही. उद्याच्या वरणात पालेभाजीची मूठ, संध्याकाळी पेरूची फोड आणि बिस्किटाच्या जागी दाण्याच्या कुटाचा लाडू, एवढ्याने सुरुवात होते.